गैरसमजावर चालणारे संसार

संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळात माझ्या आत्याच्या घरी टीव्ही सुरू असतो आणि तिच्या मांडीवर परात असते. मेथी निवडणे, लसूण सोलणे, शेंगा फोडणे ही कामे ती मालिका पाहता पाहता उरकते, आणि मालिकेत काय चालले आहे याचा अंदाज मला पडद्याआधी तिच्या हातांवरून येतो. हात थांबले की प्रसंग चांगला चालला आहे असे समजावे. हात भराभर चालू लागले की पडद्यावर कोणीतरी दाराआडून अर्धे वाक्य ऐकले आहे असे समजावे. मागच्या पावसाळ्यात अशीच एक नायिका नवऱ्याचे फोनवरचे अर्धे बोलणे ऐकून, डोळ्यांत पाणी आणून, बॅग भरून माहेरी निघाली. तिचा चेहरा तीनदा जवळून दाखवला गेला, तिन्ही वेळा ढग गडगडले, आणि आत्या मेथीच्या जुडीवरची नजर न काढता म्हणाली, "अगं बाई, विचार की त्याला!"

मराठी मालिकांतील प्रेमकथांवर याहून नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. त्या नायिकेने विचारले असते तर दोन मिनिटांत खुलासा झाला असता. ती भिडस्त होती म्हणून गप्प राहिली असे म्हणावे, तर आदल्याच आठवड्यात याच बाईने भर कार्यालयात आपल्या साहेबाला जाब विचारला होता. ती गप्प राहिली कारण पुढचे दोन महिने भरून काढायचे होते आणि ते भरण्यासाठी तिच्या तोंडाला कुलूप लागणे आवश्यक होते. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या मालिकांमधले प्रेमाचे प्रसंग सुटे पाहिले तर पुष्कळदा चांगले लिहिलेले असतात. गजरा, पाऊस, अंगणातला झोपाळा यांतही वाईट काही नाही. प्रेम खोटे ठरते ते या प्रसंगांच्या आजूबाजूच्या आयुष्यात, जिथे माणसांना प्रेमाखेरीज दुसरे काही हवे नसते, आणि हवे असलेच तर त्यासाठी स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेतलेला असतो.

मालिका करणाऱ्यांची बाजू आधी ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात. जाहिराती वगळता अर्ध्या तासात सुमारे २२ मिनिटे उरतात असे धरले, तरी वर्षाकाठी ११० तासांहून अधिक कथा लिहावी लागते. अडीच तासांचे चाळीसहून जास्त चित्रपट एका वर्षात एकाच जोडप्यावर काढावेत, तसे हे काम आहे. त्यात कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयनामावली बहुधा वेगवेगळ्या नावांची असते. नायिका रागावणार हे एकजण ठरवतो, ती स्वयंपाकघरात रागावणार की देवघरात हे दुसरा ठरवतो, आणि रागावून काय बोलणार हे तिसरा लिहितो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि कथेच्या ज्या ट्रॅकने, म्हणजे धाग्याने, आकडा खाली आणला तो गुंडाळला जातो. एखादा कलाकार आजारी पडतो, एखादीला नाटकाच्या दौऱ्यावर जायचे असते, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली असते, आणि सकाळी चित्रित होणारा प्रसंग आदल्या रात्री बदलतो. अशा परिस्थितीत गैरसमज हे लेखकाच्या हाताशी असलेले सर्वांत स्वस्त साधन ठरते. त्याला नवा सेट लागत नाही, नवे पात्र लागत नाही, आणि हवा तेव्हा तो मिटवता येतो. ज्याला रोज २२ मिनिटे भरायची आहेत त्याने ते साधन वापरले म्हणून त्याला नावे ठेवणे मला सोपे वाटत नाही.

तरीही त्याची एक मोठी किंमत आहे आणि ती लगेच दिसत नाही. गैरसमजावर आधारलेल्या कथेत पात्राला जे घडते ते बाहेरून घडते. पत्र चुकीच्या हाती पडते, फोन नेमका बंद असतो, दुधात कोणीतरी काहीतरी मिसळते. नायक-नायिका फक्त सोसतात. विचित्र गोष्ट अशी की इच्छा, योजना आणि कृती या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात त्या खलनायिकेकडे. तिला वाडा हवा असतो, कारखान्यातला हिस्सा हवा असतो, जावेचा पाणउतारा हवा असतो, आणि त्यासाठी ती सकाळी उठून कामाला लागते. मालिका संपल्यावर लोकांच्या लक्षात तीच राहते, यात नवल नाही. साऱ्या घरात काही ठरवून करणारी ती एकटीच होती.

रोजच्या मालिकेला यातून सुटका नाही, असे मात्र म्हणता येणार नाही, कारण आपल्याच वाहिन्यांवर ते करून दाखवले गेले आहे. २०१२ साली झी मराठीवर आलेल्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ या मालिकेतील राधा आणि घना यांना लग्नच नको होते. घरच्यांचा तगादा थांबावा म्हणून दोघे ठरवून, आपापसांत करार करून लग्न करतात. कल्पना फारशी नवी नव्हती, पण तिने लेखकाच्या हाती एक मोलाची गोष्ट दिली. प्रेम येण्याआधी दोघांकडे स्वतःचा बेत होता, आणि तो बेत प्रेक्षकाला ठाऊक होता. त्यामुळे पुढे ओढ निर्माण झाली तेव्हा ती रिकाम्या जागेत आली नाही; आधीच मांडलेल्या सामानात तिला वाट काढावी लागली. प्रत्येक जवळिकीबरोबर काहीतरी मोडत होते, आणि ते मोडताना पाहून प्रेक्षकाची खात्री पटत होती. ती मालिका त्याच वर्षी संपली, हाही तिच्या यशाचाच भाग आहे, आणि त्याकडे मी पुढे येईन.

त्यानंतरच्या वर्षी आलेल्या ‘जुळून येती रेशीमगाठी’मध्ये मेघनाचे दुसऱ्या मुलावर प्रेम असते आणि वडिलांच्या धाकाने ती आदित्यशी लग्न करते. नेहमीच्या पद्धतीने हे गुपित वर्षभर पुरवता आले असते. एकदा चिठ्ठी सापडणार, एकदा सासूला संशय येणार, एकदा तो जुना मित्र बारशाला टपकणार. इथे ते गुपित नवऱ्याला कळते आणि तो तिला मदत करायचे ठरवतो. म्हणजे दोघांनाही सारे माहीत आहे, आणि तरीही रोज एका खोलीत राहायचे आहे. माहिती लपवल्याने जेवढा ताण येतो त्याच्या कितीतरी पट ताण माहिती असूनही वागावे लागण्यात असतो, हे त्या मालिकेच्या लेखनात दिसले. आदित्यचा चांगुलपणा गोड वाटला तो त्याच्या हसण्यामुळे असेलही, पण पटला तो त्याला रोज काय गिळावे लागते हे आपल्याला दिसत होते म्हणून.

याच्या उलट टोकाला मी ‘तुला पाहते रे’ला ठेवतो. २०१८ साली सुरू झालेल्या या मालिकेत चाळिशीचा उद्योगपती आणि विशीतली मुलगी इशा यांचे प्रेम होते. वयातल्या अंतरावरून तेव्हा घराघरांत वाद झाले, आणि ते होणे योग्यच होते, कारण प्रश्न खरा होता. चाळीतल्या मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या मुलीला दुपटीच्या वयाच्या माणसात काय दिसते? सुरक्षितता, पैसा, वडिलांसारखी माया, की त्याच्या शेजारी उभे राहिल्यावर स्वतःला आलेले महत्त्व? यांपैकी कोणतेही उत्तर थोडे अडचणीचे आणि म्हणूनच ऐकण्यासारखे ठरले असते. मालिकेने पुढे दिलेले उत्तर असे की ती मुलगी त्याच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म होती, आणि त्या पत्नीच्या मृत्यूला तोच जबाबदार होता. रहस्यकथा म्हणून लोकांनी ते चवीने पाहिले, मीही पाहिले. पण त्या एका वळणाने इशाची ओढ तिची उरली नाही, ती मागच्या जन्मीच्या बाईची झाली. ज्या प्रश्नाने प्रेक्षकाला बांधून ठेवले होते तो सुटला नाही, तो रद्द झाला.

खरे प्रश्न रद्द करण्याची ही सवय एका मालिकेपुरती नाही, आणि मला वाटते मुळाशी जायचे तर इथेच खणावे लागेल. महाराष्ट्रात दोन माणसांच्या लग्नाला घरून विरोध होतो तो कशामुळे? पहिले कारण सर्वांना ठाऊक आहे आणि तेच मालिकेत कधी उच्चारले जात नाही. मालिकेतली आडनावे अशी बेताने निवडलेली असतात की त्यांवरून कोणाला काही बोट ठेवता येऊ नये. सगळ्या घरांत एकाच पद्धतीची मंगळागौर होते, एकाच पद्धतीचे लग्न लागते, आणि मुलीचे वडील नकार देतात तो फार तर मुलगा गरीब आहे म्हणून. जात काढली, धर्म काढला, पत्रिका विनोदापुरती ठेवली, की खरे अडथळे संपतात. मग कथेला अडथळे कुठून आणायचे? त्या मोकळ्या जागेत स्मृतिभ्रंश येतो, जुळी बहीण येते, विष कालवणारी मावशी येते. दाराआडून ऐकलेले अर्धे वाक्यही याच रिकामपणातून जन्मते.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याचेच उदाहरण घ्या. या कायद्याखाली नोंदणी विवाह करायचा तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते, आणि ३० दिवसांच्या आत कोणीही कायदेशीर कारण दाखवून हरकत घेऊ शकतो. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. घरच्यांना न सांगता लग्न करू पाहणाऱ्या जोडप्याच्या आयुष्यातले हे तीस दिवस डोळ्यांसमोर आणावेत. त्या फळ्यावर दोघांची नावे आणि पत्ते लागलेले आहेत, कचेरीत रोज ओळखीची माणसे दाखल्यांसाठी येतात, आणि तिसरा साक्षीदार म्हणून जो मित्र हो म्हणाला होता तो आता फोन उचलत नाही. रोजच्या मालिकेला तीस भागांची रसद कायद्यानेच पुरवली आहे आणि त्यासाठी एकाही मावशीची गरज नाही. मित्राने फोन का उचलला नाही, या एका प्रश्नात त्याचे घर, त्याची बहीण, त्याची भीती असे सारे गाव येते.

शेतीचेही तेच. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. बातमी वाचून लोक हसले, आणि हसून झाल्यावर गप्पही झाले, कारण प्रत्येकाच्या नात्यात असा एक मुलगा होता. आपल्या मालिकेतला ग्रामीण नायक मात्र बहुधा मोठ्या वाड्याचा आणि अमाप जमिनीचा धनी असतो. तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या, दोन स्थळांकडून नकार घेतलेल्या मुलाच्या मनात एखाद्या मुलीविषयी ओढ निर्माण झाली तर ती व्यक्त करताना त्याला किती हिशेब करावे लागतील, आणि त्या मुलीला तो आवडला तरी गावात राहायचे नाही हा तिचा निश्चय किती योग्य असेल, यावर लिहिण्याजोगे इतके आहे की ते कोणी लिहीत नाही याचे मला आश्चर्य वाटते.

हे सारे तोंडी म्हणणे सोपे आहे, म्हणून एक प्रसंग मांडून पाहतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतली एक अभ्यासिका. खुर्ची महिन्याच्या भाड्याने मिळते आणि पंख्याखालच्या खुर्चीला जास्त मागणी असते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी दोघे शेजारशेजारी बसतात. ती लातूरकडची, तो जतचा. त्याचा मोठा भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो आणि या खेपेला नाही झाले तर परत ये असे त्याने एकदाच, शांतपणे सांगितले आहे. तिच्या वडिलांनी तिला दोन वर्षे दिली होती, त्यांतली दीड संपली आहेत. दोघांनी एकमेकांना प्रेमाचे असे काही म्हटलेले नाही. चहाचे पैसे आळीपाळीने द्यायचे आणि नोट्सच्या झेरॉक्स अर्ध्या अर्ध्या वाटून घ्यायच्या, इतकेच. दुपारी निकालाची यादी मोबाइलवर येते. सगळी अभ्यासिका एकदम वाकून आपापला बैठक क्रमांक शोधू लागते. तो तिचा क्रमांक आधी शोधतो. तो सापडतो. मग तो स्वतःचा शोधतो.

तो क्रमांक यादीत नसतो.

या प्रसंगात कोणी कोणाचे काही चोरून ऐकलेले नाही. दोघांना सारे ठाऊक आहे. त्याने आधी तिचा क्रमांक पाहिला हे तिने तिरक्या नजरेने टिपलेले असेल, तर लेखकाला पुढे एकही प्रेमाचे वाक्य लिहावे लागणार नाही. तिची खुर्ची महिनाअखेरपर्यंतच्या पैशांची आहे. ती गेल्यावर दुसरे कोणी बसू नये म्हणून तो त्या खुर्चीवर आपली पुस्तके ठेवतो, आणि अभ्यासिकेचा मालक एक तारखेला ती पुस्तके उचलून त्याच्या टेबलावर ठेवतो. मुलीने आता काय करावे? वडिलांनी पाहिलेली स्थळे एका रात्रीत वरच्या पायरीची झाली आहेत. तिला थांबायचे असेल तर कशासाठी थांबते हे तिला स्वतःलाच नीट सांगता यायला हवे, आणि त्याला तिने थांबलेले सहन होईल की नाही हा आणखी वेगळा प्रश्न आहे. शंभर भाग यातून निघतील, आणि त्या शंभर भागांत दोघांपैकी कोणीतरी रोज काहीतरी ठरवत असेल.

नायकांविषयी थोडे सांगणे भाग आहे. नायिकेने नकार दिल्यावर तिच्या वाटेवर उभे राहणे, तिच्या घरच्यांशी परस्पर संधान बांधणे, ती हो म्हणेपर्यंत न हटणे, याला आपल्याकडे चिकाटी म्हणतात. २०१३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने बाईचा पाठलाग करणे हा गुन्हा ठरला, आणि त्यानंतरही पडद्यावरची चिकाटी फारशी कमी झालेली नाही. नीतीचा प्रश्न तर आहेच, पण मला इथे लेखनाचा प्रश्न अधिक सतावतो. मुलगी शेवटी हो म्हणते ते का, याचे उत्तर अशा कथेत फक्त "तो थांबला नाही म्हणून" एवढेच उरते. तिच्या बाजूने कारणच नसते. ज्या होकारामागे नकाराची खरी शक्यता नाही, त्या होकारावर पुढचा संसार कसा उभा करायचा हे लेखकालाही सुचत नाही, आणि मग लग्नानंतर महिन्याभरात जुनी मैत्रीण परदेशातून परत येते.

खरे तर रोजच्या मालिकेजवळ असे एक सामर्थ्य आहे जे चित्रपटाला कधीच मिळणार नाही. ती रोज येते, जसे लग्न रोज येते. कोण किती साखर घेते, भांडण झाल्यावर कोण आधी दिवा मालवते, डबा विसरला तर कोण कोणाला फोन करते, या गोष्टी साठत जाण्यासाठी वेळ लागतो आणि वेळ तर मालिकेकडे भरपूर आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ने सुरुवातीच्या काळात याचा सुरेख उपयोग केला. विधवा आसावरी सासरे, मुलगा आणि सून यांच्यासाठी राबते. तिच्या आयुष्यात येणारा अभिजित राजे स्वयंपाक करणारा, शेफ आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईसमोर कोणीतरी स्वतः रांधून ताट ठेवतो. पन्नाशीतल्या बाईला प्रेम का व्हावे याचे इतके साधे आणि इतके मराठी उत्तर मला दुसरे आठवत नाही, आणि ते उत्तर संवादात न सांगता ताटात वाढलेले होते. आत्याचे हात तेव्हा बराच काळ थांबलेले असत.

"प्रेक्षकांना हेच हवे असते" हा शेवटचा बचाव. त्याला आकड्यांचा आधार दिला जातो, आणि आकडे खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु ते मोजतात ते कोणत्या घरात कोणत्या वेळी कोणती वाहिनी लावलेली होती आणि घरातले कोण समोर होते हे. समोर बसलेल्या बाईचे हात थांबले होते की भराभर चालले होते, हे त्या यंत्राला कळत नाही. सवयीने सुरू राहिलेला टीव्ही आणि जीव लावून पाहिलेली मालिका यांचा आकडा सारखाच येतो, आणि त्या सारखेपणावर पुढच्या आठवड्याचा ट्रॅक ठरतो.

म्हणून मला वाटते की वाद प्रेमाचे प्रसंग कमी-जास्त करण्याचा नसून मालिकेच्या लांबीचा आहे. कथा किती महिन्यांची आहे हे पहिल्या दिवशी ठरले, तर पात्रांना निर्णय घेऊ देणे लेखकाला परवडते, कारण निर्णयाने कथा पुढे सरकते आणि सरकलेली कथा कधीतरी संपते. आज नेमकी तीच भीती आहे. चाललेली मालिका थांबवायची तर नवा सेट, नवे प्रोमो, नवे चेहरे, आणि मिळवलेली वेळ हातची जाण्याचा धोका. त्यापेक्षा कथेत सात वर्षांचा लीप, म्हणजे उडी, घेऊन नायिकेला एक मुलगी देणे स्वस्त पडते. हा खर्च खरा आहे आणि तो लेखकाने सोसायचा नाही, वाहिनीने सोसायचा आहे. सात-आठ महिन्यांत कथा संपवून लोकांच्या मनात दहा वर्षे राहणारी मालिका आणि पाच वर्षे चालून शेवटच्या वर्षी कोणालाच न आठवणारी मालिका, यांतली कोणती फायद्याची, याचा हिशेब मात्र गुरुवारच्या आकड्यांवरून होणार नाही.

त्या मेथीच्या संध्याकाळी माहेरी गेलेल्या नायिकेला नवऱ्याचे उरलेले अर्धे वाक्य दिवाळीनंतर कळले. मी ते पाहिले. आत्याच्या घरी टीव्ही सुरूच होता, पण ती आतल्या खोलीत नणंदेशी फोनवर बोलत होती, आणि ते वाक्य काय होते हे तिने मला अजून विचारलेले नाही.